गडग्यांच्या खालून जाणारा रस्ता

ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांच्या मधे डॅन्यूब नदी साधारण 36 किलोमीटर एका अरुंद खोऱ्यातून वाहते. या पट्ट्याला वाखाऊ म्हणतात. युरोपातल्या पळणाऱ्या लोकांना हे नाव ठाऊक असतं, कारण दर सप्टेंबरात इथं मोठी शर्यत होते. तिच्यातली हाफ मॅरेथॉन श्पिट्स गावातून सुटते आणि नदीच्या सोबतीनं खाली येत क्रेम्सला संपते. काठचा हमरस्ता त्या दिवशी गाड्यांना बंद, चढ जवळजवळ नाहीच, वाराही बहुतेक वेळा पाठीशी. व्हिएन्नात माझ्याबरोबर काम करणारे लोक वर्षभर ज्या वेळेची फुशारकी मारतात, ती सहसा इथं लागलेली असते.

शर्यत चांगलीच आहे. तरी कुणी विचारलं तर मी सांगते, शर्यतीला येऊ नका, साध्या आठवड्यात या. एका गावातून दुसऱ्या गावात पळत जा, आणि प्रत्येक गावात एकदा तरी नदी सोडून वर चढा. खालचा रस्ता इतका सपाट आहे की पाय आपोआप चालतात आणि डोळे घड्याळावर राहतात. दोन्ही बाजूंना सुंदर चित्र सरकत असतं. ते चित्र कुणी आणि कसं उभं धरलंय, हे मात्र वर गेल्याशिवाय कळत नाही.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. घरी द्राक्षबाग. आजोबा माळकरी होते, त्यामुळं द्राक्षाचं पुढं काय काय होऊ शकतं यातला फक्त बेदाणा आमच्या घरात बोलला जायचा. आता मी व्हिएन्नात एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. पळायला लागले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि पळते हळू. चढ आला की सरळ चालते. सातारच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट न थांबता चढणारा माझा चुलतभाऊ याला पळणं म्हणत नाही. म्हणेना का. या वेगानं जाणाऱ्या माणसाला बागेत काम करणाऱ्याशी दोन शब्द बोलायला थांबलं तरी काही बिघडत नाही.

व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योसेफ स्टेशनातून गाडी पकडली की तासाभरात क्रेम्स येतं. पिशवी स्टेशनातल्या कपाटात टाकायची आणि पश्चिमेकडं तोंड करून निघायचं. म्हणजे शर्यतीच्या बरोबर उलट दिशेनं, प्रवाहाच्या विरुद्ध. सकाळी ऊन पाठीवर असतं आणि समोरच्या टेकड्यांवर पडलेलं दिसतं, हे माझं मुख्य कारण. दुसरं असं, की मोठं गाव आधी संपतं आणि पुढं गावं लहान लहान होत जातात. क्रेम्सला चिकटूनच श्टाइन आहे. तिथं हमरस्त्यावरून न जाता जुन्या गल्लीतून जावं. फरशी खडबडीत आहे, घोटे सांभाळावे लागतात, पण मधल्या काळातल्या मीठ आणि वाइनच्या व्यापाऱ्यांची घरं दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी आहेत. नदीपलीकडं डोंगराच्या माथ्यावर ग्योटवाइगचा मठ दिसतो. पुढचा बराच वेळ तो मागं वळून बघितलं की दिसतच राहतो.

श्टाइन संपलं की लोइबेनचा सपाट तुकडा लागतो. सगळ्या वाखाऊत बागा अशा मोकळ्या सपाटीवर फार थोड्या ठिकाणी आहेत. ओळींच्या मधून डांबरी वाट जाते, सायकलवाले भरपूर, घंटी वाजली की उजवीकडं व्हायचं. नोव्हेंबर 1805 मध्ये याच बागांत नेपोलियनच्या फौजेची रशियन-ऑस्ट्रियन फौजेशी मोठी लढाई झाली. तिचं स्मारक आहे. मी तिथं कधी थांबत नाही.

थांबते ती ओळींपाशी. आमच्याकडं बाग म्हटलं की मांडव, नाहीतर वाय आकाराचे अँगल. पानं वर पसरतात, घड खाली सावलीत लोंबतात, कारण फेब्रुवारी-मार्चचं ऊन मण्याला चटका देतं. इथं तारा उभ्या पातळीत ओढलेल्या, वेल भिंतीसारखी सरळ वर, आणि घडांच्या समोरची पानं माणसं मुद्दाम काढून टाकतात. ऊन लागावं म्हणून. पहिल्यांदा तासगावला घरी आप्पांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आगं, मांडव न्हाई व्हय? उघडीच बाग ठिवल्यात." मी म्हटलं, इथं ऊनच पुरत नाही आप्पा. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ऊन न पुरणारी द्राक्षबाग ही गोष्ट तासगावच्या माणसाला पचायला वेळ लागतो.

छाटणीचंही तसंच. आमच्याकडं थंडी वेलीला झोपवत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. वाखाऊत हिवाळ्यात वेल आपोआप पानं टाकून झोपते. जानेवारी ते मार्च या दिवसांत एकदाच छाटतात, एप्रिलात डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत काढणी. फेब्रुवारीत पळायला गेलं तर बागेत कात्रीचा आवाज सगळीकडून येत असतो आणि वाऱ्यानं कान दुखतात.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी आहे. जमिनीखालचा खुंट अमेरिकेचा, वरची काडी आपली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या बागांची मुळं खाऊन टाकली. ऑस्ट्रियात ती 1872 मध्ये पहिल्यांदा सापडली, व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गला, जिथं द्राक्षशेतीची शाळा होती तिथंच. त्यानंतर सगळ्यांनीच अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर कलमं बांधली. आमच्या भागात डॉगरिज खुंट आला तो खारवट जमीन आणि कमी पाण्यासाठी. कारण वेगळं, इलाज तोच. आणि पाऊस? वाखाऊच्या पूर्वेकडच्या टोकाला वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास. तासगावच्या माणसाला हा आकडा तोंडपाठ असतो. म्हणून उतारावर काळ्या ठिबकच्या नळ्या दिसल्या की मला घरी आल्यासारखं वाटतं, आणि सोबतचा पर्यटक त्याच नळ्या फोटोत येऊ नयेत म्हणून धडपडत असतो.

लोइबेन सोडलं की डोंगर एकदम जवळ येतो आणि गडगे सुरू होतात. नदीपासून वर नजर पोचेल तिथपर्यंत एकावर एक दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीवर वेलींच्या दोन-चार ओळी, कुठं कुठं एकच. दगड इथलाच, नीस जातीचा, करड्या पट्ट्यांचा. सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही. कोकणातल्या माणसाला हे बघून नवल वाटणार नाही, पण कोकणातला गडगा आवाराच्या कडेला असतो. इथं तो डोंगर धरून ठेवतो.

कोरडी भिंतच का, याची कारणं साधी आहेत. पाऊस पडला की पाणी फटींतून निघून जातं. भिंत पक्की बांधली तर मागं पाणी साठून तीच फुगते आणि कोसळते. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो. इथं रात्री उत्तरेकडच्या जंगली पठारावरून गार हवा खाली उतरते, आणि दिवसा पूर्वेच्या हंगेरीकडच्या मैदानातली उष्ण हवा खोऱ्यात शिरते. दिवस-रात्रीच्या या फरकानं द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. ग्र्यूनर फेल्टलिनर आणि रीसलिंग ही इथली दोन मुख्य पांढरी वाणं त्या आंबटपणावरच नाव कमावून आहेत. फटींत सरडे राहतात. त्यांच्यात एक पाचूसारखा हिरवागार असतो, श्माराग्ड. इथल्या बागाईतदारांच्या संघटनेनं 1983 पासून वाइनच्या तीन प्रती ठरवल्या, त्यांतल्या सर्वांत भारी प्रतीला या सरड्याचं नाव दिलं. सर्वांत हलक्या प्रतीला बांधावरच्या गवताचं, श्टाइनफेडर. मधलीला शिकारी ससाण्यांच्या खेळावरून, फेडरश्पील. दारूला सरड्याचं नाव, हे आजोबा असते तर त्यांना आवडलं असतं. म्हणाले असते, लायकीप्रमाणं दिलंय.

या गडग्यांवर ट्रॅक्टर चालत नाही. बऱ्याच पायऱ्यांवर चढायला दगडात बसवलेले अरुंद टप्पे असतात, त्यांवरून फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माणूस जातो. काढणीला क्रेट खांद्यावर. काढणीच्या दिवसांत रोमानिया, स्लोव्हाकियातून मजूर येतात. थोडी भिंत दर हिवाळ्यात कुठं ना कुठं घसरते, ती पुन्हा रचायची. रचणारे हात कमी होत गेले म्हणून आता क्रेम्सच्या परिसरात कोरडी भिंत रचायचे वर्ग चालतात. युनेस्कोनं 2018 मध्ये ही कला आपल्या यादीत घेतली आणि 2024 मध्ये त्यात ऑस्ट्रियाचं नाव जोडलं गेलं. खोरं स्वतः 2000 पासून जागतिक वारसा आहे. एकदा वरच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ घसरलेला कोपरा रचताना भेटले. एक दगड हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघत, मग बाजूला ठेवत, दुसरा घेत. मी विचारलं, किती दिवसांचं काम? ते म्हणाले, वडिलांनी सुरू केलं होतं.

वर जायचं कसं, हे सांगितलं पाहिजे. प्रत्येक गावातून बागांत जाणारे अरुंद, बहुतेक सिमेंटचे शेतरस्ते आहेत. चढ तीव्र असतो, पण पायाखाली पक्कं असतं. त्याहून वर जंगलातून एक पदयात्रेचा मार्ग जातो, दोन्ही काठांवरून मिळून 180 किलोमीटर, 14 टप्प्यांचा. खुणा चोख आहेत. त्यावर पळायचं तर खाचांचे बूट हवेत आणि मुळांकडं लक्ष हवं. ड्युर्नश्टाइनच्या वरच्या कड्यावरून एक लोखंडी कठड्यांची वाट आहे, तिथं पळू नये, हात रिकामे ठेवून चालावं. मी बहुतेक वेळा शेतरस्त्यांवरच राहते. गडग्यावर पाय देऊ नये, आणि द्राक्ष तोडू नये. दुसरी सूचना मला स्वतःला कधी करावी लागली नाही. लहानपणी शेजारच्या बागेतला घड तोडल्यावर काय होतं हे मला ठाऊक आहे.

क्रेम्सपासून सात-आठ किलोमीटरवर ड्युर्नश्टाइन. हजारसुद्धा वस्ती नसेल, पण उन्हाळ्यात अकरा वाजता जहाजं लागली की गल्लीतून पळणं सोडाच, चालणंही जमत नाही. म्हणून इथं नऊच्या आत पोचावं. मठाचा निळा-पांढरा मनोरा सगळ्या कॅलेंडरांवर असतो, तो काठावरच आहे. हमरस्ता गावाच्या पोटातून बोगद्यानं काढलाय, त्यामुळं जुनं गाव गाड्यांपासून वाचलं. बेकरीत गव्हाचा आणि रायचा गोल पाव मिळतो, वाखाऊअर लाबर्ल, 1905 साली याच गावातल्या बेकऱ्यानं काढलेला. वरून खरपूस, आतून ओलसर. वर चढायच्या आधी एक खावा, एक खिशात टाकावा.

गावाच्या डोक्यावर पडका किल्ला आहे. तिसऱ्या क्रुसेडवरून परतताना इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, डिसेंबर 1192 मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्ड याचा त्याच्यावर राग होता, कारण एकर शहराच्या वेढ्यानंतर ड्यूकचं निशाण खाली फेकलं गेलं होतं. त्यानं रिचर्डला इथं डांबला, आणि पुढं सम्राट सहाव्या हेन्रीच्या ताब्यात दिला. सुटकेसाठी इंग्लंडनं 1,00,000 मार्क चांदी मोजली, म्हणजे 23 टनांच्या आसपास. ड्यूकच्या वाट्याला आलेल्या पैशातून व्हिएन्नाची तटबंदी वाढली आणि व्हीनर नॉयश्टाट हे नवं शहर वसलं. म्हणजे मी राहते त्या शहराची जुनी भिंत इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या करातून उभी राहिली. ब्लोंडेल नावाचा गवय्या किल्ल्याकिल्ल्याखाली गात फिरला आणि राजानं आतून दुसरं कडवं गायलं, ही गोष्ट मात्र नंतर रचलेली. किल्ला 1645 मध्ये स्वीडिश फौजेनं फोडला, तेव्हापासून तसाच आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. वर पोचून नदीकडं बघितलं की वळण एका नजरेत येतं, आणि गडग्यांच्या रेघा पहिल्यांदा पूर्ण दिसतात.

याच गावात द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था आहे, डोमेन वाखाऊ. भागातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या बागा तिच्या सभासदांच्या. लहान लहान तुकडे, कुणाच्या तीन पायऱ्या, कुणाच्या दहा. माल एकत्र, कोठार एकत्र. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सहकार समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडं 2001 च्या सरकारी धोरणातून पलूसला वाइन पार्क निघालं, आणि त्याचा बोलबाला बराच झाला. तासगावची मंडळी मात्र बेदाण्याला चिकटून राहिली. मला तेव्हा ती जुनाट वाटायची, आता वाटत नाहीत. इथं सभासद सांगतात की चांगल्या पायरीवर वेल लावली तर नातवाला खरी वाइन मिळते. आमच्याकडं कर्जाचा हप्ता नातवापर्यंत थांबत नाही.

ड्युर्नश्टाइन ते व्हाइसेनकिर्खेन हा पाच-सहा किलोमीटरचा पट्टा मला सगळ्यांत प्रिय. उजव्या हाताला गडगे अगदी रस्त्यापर्यंत उतरतात, डाव्या हाताला पाणी. पाण्याचा रंग निळा कधीच नसतो. हिरवट करडा, पावसानंतर चहासारखा. योहान श्ट्राउसनं 1867 मध्ये ज्या वॉल्ट्झला निळ्या डॅन्यूबचं नाव दिलं, त्यावर इथले लोक हसतात आणि नवीन वर्षाच्या रात्री त्यावरच नाचतात. व्हाइसेनकिर्खेनचं चर्च तटबंदीचं आहे, तुर्कांच्या भीतीनं बांधलेलं, आणि तिथं जायला छपराखालचा लाकडी जिना आहे. जिना पळत चढता येतो. मी चढत नाही.

पुढं योखिंग, व्योसेनडॉर्फ, सेंट मिखाएल. एका गावातून बाहेर पडेपर्यंत दुसरं लागतं. भिंतींआड मोठाली अंगणं आहेत. बव्हेरिया, साल्झबुर्ग, पासाऊकडचे मठ आणि बिशप मध्ययुगापासून इथं बागा राखून होते. वाइन त्यांना पूजेलाही लागे, विकायलाही. काढणीचा माल आणि वाटा गोळा करायला त्यांनी ही अंगणं बांधली. त्यांच्या कमानींवर अजून मठांची चिन्हं आहेत, आणि आत एखाद्या कुटुंबाचा ट्रॅक्टर, मुलांच्या सायकली. सेंट मिखाएलच्या चर्चच्या छपरावर सात मातीचे प्राणी ओळीनं बसवलेत. गावकरी म्हणतात, एका हिवाळ्यात इतका बर्फ पडला की ससे छपरावरून पळत गेले.

या गावांतून जाताना घराच्या कोपऱ्यांवर गुडघ्यापासून ते डोक्याच्या वरपर्यंत आडव्या रेघा कोरलेल्या दिसतात, शेजारी साल. पुराच्या खुणा. शेवटच्या मोठ्या तारखा 2002 चा ऑगस्ट आणि 2013 चा जून. सप्टेंबर 2024 मध्येही या प्रांतात मोठा पूर आला. माझं आजोळ भिलवडी, कृष्णेच्या काठावर. 2005 आणि 2019 दोन्ही तिथं मामाच्या घरात शिरले. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळं या रेघांपाशी माझे पाय हळू होतात. क्रेम्स, श्टाइन आणि काठावरच्या इतर गावांत आता उचलून लावायच्या भिंती आहेत. जमिनीत पक्का पाया आणि खाचा कायम, पाणी चढणार असं कळलं की त्यात खांब उभे करायचे आणि अॅल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवायच्या. पूर ओसरला की सगळं गोदामात. कायमची उंच भिंत घातली असती तर खर्च कदाचित कमी आला असता, पण मग नदी गावातून दिसली नसती. लोकांनी ते नको म्हटलं. पळताना फुटपाथवर चौकोनी लोखंडी झाकणं दिसतात, ती त्या खांबांची.

नको म्हणण्याची इथं सवय आहे. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर ओळीनं जलविद्युत केंद्रं आहेत, नदी म्हणजे जवळजवळ तळ्यांची साखळी झालीय. वाखाऊतही एक बांधायचं ठरत होतं. 1972 मध्ये खोऱ्याच्या रक्षणासाठी लोकांचा गट उभा राहिला आणि वर्षानुवर्षं भांडला. 1984 च्या डिसेंबरात नदीच्या खालच्या अंगाला, हाइनबुर्गच्या पाणथळ जंगलात, हजारो लोक थंडीत झाडांखाली बसून राहिले आणि तिथलं धरण अडलं. त्या जागी आता राष्ट्रीय उद्यान आहे. वाखाऊचं केंद्रही झालं नाही. ऑस्ट्रियात डॅन्यूब मोकळी वाहते ती या दोनच ठिकाणी. मी पाण्यावर काम करते, विजेची गरज मला कळते, आणि कोयनेच्या विजेवर अभ्यास करून मोठी झाले. तरी इथं जे झालं ते बरंच झालं असं मला वाटतं, कारण प्रवाह थांबला असता तर काठाची खडी, मासे, पुराची चाल, सगळंच बदललं असतं. आणि प्रवाहाच्या जोरावर चालणारी श्पिट्सची तर, म्हणजे पलीकडं नेणारी नाव, उरली नसती.

श्पिट्स हे मोठ्या टप्प्याचं ठिकाण, क्रेम्सपासून अठरा-एकोणीस किलोमीटर. गावाच्या मधोमध एक टेकडी आहे, हजार घागरींची टेकडी म्हणतात, चांगल्या सालाला तेवढी वाइन देते म्हणून. दम असेल तर आणखी चार-पाच किलोमीटर पुढं विलेनडॉर्फला जावं. खोऱ्यातून रेल्वे टाकायचं काम चालू असताना, ऑगस्ट 1908 मध्ये, तिथल्या उत्खननात एका मजुराच्या हाताला चुनखडीची एक लठ्ठ बाईची मूर्ती लागली. उंची 11 सेंटिमीटर, वय 29,000 वर्षांच्या पुढं. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, जागेवर तिची मोठी प्रतिकृती. मला त्या काठावर बसून पाणी प्यायला आवडतं. ती रेल्वे आता उन्हाळ्यात पर्यटकांसाठी चालते. परतायला बसही आहे.

पण परतायची माझी आवडती रीत वेगळी. श्पिट्सच्या धक्क्यावरून पलीकडं अर्न्सडॉर्फला तर जाते. तिला इंजिन नाही. नदीच्या वरून आरपार एक पोलादी दोर, त्यावर सरकणारी कप्पी, कप्पीला तर बांधलेली. नावाडी सुकाणूनं तरीचं तोंड प्रवाहाला तिरकं करतो, पाणी तिच्या कुशीवर दाबतं आणि ती दोराच्या आधारानं पलीकडं सरकते. परत यायला तोंड उलट तिरकं. वाहतं पाणी हेच तिचं सगळं इंधन. गाड्याही घेऊन जाते, आणि आवाज फक्त पाण्याचा. व्हाइसेनकिर्खेनलाही अशीच एक आहे.

उजव्या काठावर सावली जास्त, माणसं कमी, आणि बागांपेक्षा जर्दाळूची झाडं जास्त. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला पानांच्या आधी फुलं येतात, आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला तर वर्षाचं पीक गेलं. वाखाऊच्या जर्दाळूला युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे, जसं सांगलीच्या बेदाण्याला जीआय. जुलैत रस्त्याच्या कडेला शेतकरी पेट्या मांडून बसतात. बटाट्याच्या किंवा पनीरसारख्या चक्क्याच्या उंड्यात अख्खा जर्दाळू भरून उकडतात आणि भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. पंधरा किलोमीटरनंतर असे तीन खाता येतात.

खाण्याचं ठिकाण म्हणजे हॉइरिगर. सम्राट दुसरा योसेफ यानं 1784 मध्ये शेतकऱ्यांना स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. दारावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगला असेल तर उघडं, नसेल तर बंद. एक कुटुंब दोन-तीन आठवडे उघडतं, मग शेजारचं. लाकडी बाकं, काळा पाव, चीज, मांसाचे थंड काप. शाकाहारी माणसानं पाव, चीज, मुळा आणि भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेलं बटाट्याचं सॅलड मागावं. वाइन न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस सोडा घालून मिळतो, पळून आल्यावर तोच बरा. मी कधीमधी एक पेला घेते. हे घरी माहीत आहे, फक्त कुणी विचारत नाही.

उजव्या काठावर जाणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेल्कपासून माउटर्नपर्यंत नदीवर एकही पूल नाही. तरीला वेळापत्रक नाही, माणसं आली की निघते, पण संध्याकाळी बंद होते, हिवाळ्यात लवकर, आणि पाणी फार चढलं की दिवसदिवस बंद. शेवटची फेरी कितीला हे जातानाच नावाड्याला विचारून घ्यावं. ती चुकली तर पलीकडं दिवे लागलेलं श्पिट्स दिसत राहतं आणि आपण मात्र माउटर्नच्या पुलापर्यंत सतरा-अठरा किलोमीटर चालत राहतो.